एआयला रेगे सांगितलं आणि भलतंच वाजतंय? पैसे घालवायच्या आधी हे बघा

गेल्या वर्ष-दीड वर्षात हा एकच आजार घेऊन माझ्याकडं इतकी पोरं आलीत की आता कोणी मोबाईल हातात धरून जिना चढताना दिसलं की मीच आधी विचारतो, रेगे का? बेळगावातल्या शहापुरात वरच्या मजल्यावर माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे, मूळ काम भजनी मंडळांचं, गणपतीच्या गाण्यांचं आणि शिवजयंतीला चित्ररथांना लागणाऱ्या ट्रॅकचं. पण पोरं शनिवारी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात, तिथं शॅकवर रात्रभर रेगे, म्हणजे ते जमैकाचं निवांत संगीत, ऐकतात, आणि सोमवारी गाणी बनवणाऱ्या एआय ॲपला सांगतात की कर मराठी रेगे. मंगळवारी माझ्याकडं.

परवाचाच खानापूरचा पोरगा. "मामा, बघा की ओ, रेगे म्हणून टाकलो तर हे काय वाजवालंय?" ॲपवर गाणी करायला जी क्रेडिटं लागतात ती महिन्याची सगळी संपवून आला होता, साठेक गाणी, त्यातलं एकही रेगे नाही. एक लग्नाच्या वरातीचं होतं, चार स्पॅनिश डिस्कोतली, बाकी सगळी टीव्हीवरच्या जाहिरातीसारखी.

तर आधी लक्षणं. तुमचं नेमकं काय बिघडलंय ते यातून ओळखा, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की नुसती क्रेडिटं जातात.

– रेगे मागितलं आणि रेगेटॉन आलं. बूम-च-बूम-चिक, बूम-च-बूम-चिक, आणि मधेच बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणते.
– सुरुवातीची पंधरा-वीस सेकंद एकदम बरोबर, आणि ध्रुवपद आलं की हिंदी सिनेमातलं गाणं.
– सगळं बरोबर वाटतंय पण गाणं पळतंय, दम लागल्यासारखं.
– बेस ऐकूच येत नाही.
– मराठी शब्द कोंबून कोंबून म्हटलेत, किंवा "आभाळ"चं "आभाल" झालंय, किंवा गाणारा मधेच खोटा जमैकन होऊन "या मॅन" म्हणायला लागलाय.

खाली मी सगळे शब्द देवनागरीत लिहिलेत, ॲपमध्ये स्टाईलच्या बॉक्समध्ये, म्हणजे गाणं कसं पाहिजे ते लिहायच्या जागेत, टाकताना मात्र ते इंग्रजी अक्षरांत टाका. गाण्याचे बोल देवनागरीतच ठेवा.

आता एकेक बघू. फुकटातलं आधी.

सगळ्यात आधी कशावर ऐकताय ते बघा. हसू नका, निम्मे रुग्ण इथंच बरे होतात. फोनच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही, आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे रेगेतला अर्धा जीव तुमच्या फोनमध्येच अडकून पडलाय. बाकीच्या गाण्यात बेस गायकाच्या मागं उभा असतो, रेगेत बेसच चाल म्हणतो आणि गिटार नुसती टाळ धरते. खानापूरच्या पोराची दोन गाणी मी माझ्या हेडफोनवर लावली तर त्यातल्या एकाचा बेस झकास होता, तो म्हणाला हे गाणं मी डिलीट करणार होतो. वायरवाला साधा इअरफोन पण चालतो. त्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसरी तपासणी टेबलावर, ती पण फुकट. गाणं लावा आणि टेबलावर बोटानं मोजा, जरा जलद, एक-दोन-तीन-चार. वन ड्रॉप नावाचा जो रेगेचा मुख्य ठेका आहे त्यात असं ऐकू यायला पाहिजे:

(काही नाही) – चक – ढप – चक

एकावर ड्रम गप्प. दोन आणि चारवर गिटार किंवा ऑर्गनचा चक, त्याला स्कँक म्हणतात. तीनवर किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरच्या (हाताजवळच्या छोट्या ड्रमच्या) कडेवर मारलेली काडी दोन्ही एकदम, तो ढप. ठेक्याचं नावच त्यावरनं पडलंय, एक खाली टाकलेला, सोडून दिलेला.

आपल्या कानाला इथंच त्रास होतो. आपली हलगी घ्या, लेझीम घ्या, भजनाचा ठेका घ्या, पहिली मात्रा म्हणजे देव, कितीही फिरून या, समेवर यायचं म्हणजे यायचंच. आणि रेगेत समेवरच घरी कोणी नसतं. मी स्वतः पहिल्यांदा मोजायला बसलो तेव्हा तीनलाच एक समजत होतो, चार-पाच दिवस गेले कान वळायला. माझी एक युक्ती, एकाला टेबलावर बोट आपटायचं नाही, उलट हात वर उचलायचा. हात वर असताना ड्रमचा दणका आला तर ते रेगे नाही, निदान वन ड्रॉप तरी नाही. (स्टेपर्स म्हणून एक प्रकार आहे त्यात किक सारखी पडत राहते, तो रेगेच आहे, पण तुम्हाला तो पाहिजे असता तर तुम्ही माझ्याकडं आला नसता.)

ही मोजणी का महत्त्वाची, तर "मजा येईना" एवढ्यावरनं प्रॉम्प्ट, म्हणजे ॲपला लिहून दिलेलं सांगणं, बदलता येत नाही. एकावर किक पडतेय, का चक गायब आहे, का वेग दुप्पट आहे, हे कळलं तरच पुढं काय बदलायचं ते कळतं.

आता क्रेडिट लागणारी कामं, पण थोडी.

स्टाईलचा बॉक्स उघडा आणि त्यातले विशेषण वाचा. बहुतेकांनी लिहिलेलं असतं "रेगे, समर, बीच, पार्टी, ट्रॉपिकल, हॅपी, एनर्जेटिक". यातला एक शब्द रेगे आणि सहा शब्द रेगेटॉनचे. मशीनला जमैका माहीत नाही, तिला एवढंच माहीत की कुठला शब्द कुठल्या आवाजाबरोबर जास्त वेळा आला, आणि बीच-पार्टी-एनर्जेटिक हे शब्द ज्या गाण्यांना चिकटलेले असतात ती रेगे नसतात. आणि दोन्हींचं नातं पण आहे म्हणून गोंधळ वाढतो, रेगेटॉनचा डेंबो ठेका मूळचा जमैकाच्याच डान्सहॉलमधला, पनामा आणि पोर्तो रिकोत जाऊन मोठा झाला. चुलतभाऊच म्हणा, आडनाव एक, घर वेगळं.

सगळी विशेषणं काढा, वाद्यं लिहा. माझ्या वहीतली ओळ अशी आहे: रूट्स रेगे, वन ड्रॉप ड्रम्स, रिमशॉट, मेलोडिक डीप बेस, म्यूटेड ऑफबीट गिटार स्कँक, ऑर्गन बबल, स्पार्स, लेड बॅक, ७५ बीपीएम. एवढंच. ऑर्गन बबल म्हणजे स्कँकच्या मधल्या फटीत ऑर्गन बुडबुड्यासारखा वाजतो तो, तो लिहिला की निम्म्या वेळा ठेका आपोआप जागेवर येतो, कारण तो आवाज रेगे सोडून फारसा कुठं सापडत नाही. स्पार्स, म्हणजे विरळ, हा शब्द विसरू नका. मशीनला रिकामी जागा दिसली की ती भरते, शेजारच्या काकूंसारखी, ताटात मोकळी जागा दिसली की भात.

"नो रेगेटॉन" असं स्टाईलमध्ये लिहू नका. नको म्हणून का होईना तो शब्द तिथं आला आणि बऱ्याचदा तोच खेचला जातो. बऱ्याच ॲपमध्ये वगळायच्या गोष्टींचा वेगळा रकाना असतो, तिथं रेगेटॉन, डेंबो, ट्रॅप, ईडीएम टाका. तसंच बॉब मार्लीचं किंवा दुसऱ्या कुणाचं नाव टाकून बघू नका, काही ॲप ते घेतच नाहीत, आणि घेतलं तरी दुसऱ्याचा गळा उसना आणून आपलं गाणं होत नाही.

गाणं पळत असेल तर बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्याचा, आकडा बघा. इथं एक गंमत आहे. वर आपण जी मोजणी केली ती मिनिटाला १५० ची, आणि तेच गाणं निवांत पाय हलवत मोजलं तर ७५ चं. दोन्ही बरोबर. पण तुम्ही १५० लिहिलं की मशीनला ते जलद गाणं वाटतं आणि तुमच्या हातात स्का येतो. जमैकात क्रम तसाच होता की, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पळणारा स्का, १९६६ च्या आसपास तो मंदावून रॉकस्टेडी, आणि १९६८ च्या सुमारास रेगे. तुम्ही आकडा दुप्पट लिहून त्याला उलटं मागं पाठवताय. ७० ते ८० च्या मधलं लिहा, बास.

दर वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. स्टाईल, बोल, वेग सगळं एकदम बदललं आणि गाणं सुधारलं तर कशानं सुधारलं ते कळत नाही, पुढच्या गाण्याला परत पहिल्यापासून. साठ गाणी घालवणाऱ्याकडं वही नसते, हे मी बघितलंय.

आता बोल. माझ्या मते खरा बिघाड बहुतेक वेळा इथं असतो आणि सगळे स्टाईलच्या बॉक्समध्ये शोधत बसतात. ही लांब ओळ बघा, एकाने आणलेली: "तुझ्या आठवणींच्या पावसात भिजत भिजत मी एकटाच चालत राहिलो". अठ्ठावीस अक्षरं. एवढी अक्षरं ७५ च्या वेगात बसवायची म्हणजे गायकाला पळावंच लागतं, तो पळाला की ड्रमवाला त्याच्या मागं, आणि एकावरची मोकळी जागा गेली. स्टाईलमध्ये शंभरदा लेड बॅक लिहा, बोलच धावत असतील तर काय करणार?

उपाय घरातच आहे. अभंग. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं असतात, आणि शेवटी चारवर आल्यावर दोन अक्षरांची जागा मोकळी राहते, टाळकऱ्यांना तिथं मजा येते बघा, तीच जागा इथं बेसला मिळते. भजनाची रेकॉर्डिंगं करता करता हे माझ्या डोक्यात आलं आणि तेव्हापासून मी पोरांना मुक्तछंद आणू देत नाही. त्या खानापूरच्या पोराला बसवून आम्ही दोघांनी लिहिलं:

चोर्ल्याच्या घाटात
धुकं उतरलं
बशीतला चहा
निवला की

मोजून बघा. सहा, सहा, सहा, चार. काव्य म्हणून काही नाही त्यात, पण "निवला की"च्या पुढं मशीनला काही म्हणायलाच उरलं नाही आणि तिथं बेस एकटा खाली उतरला, पहिल्याच झटक्यात. तो पोरगा खुर्चीतनं उठला. स्टाईलची ओळ तीच होती जी आधी फसली होती, फक्त बोल बदलले होते.

उच्चाराचं जरा अवघड आहे, पूर्ण बरं होत नाही, सांभाळून घ्यावं लागतं. या मशीनींचा कान हिंदीकडं झुकलेला आहे. "चांगला"मधला च, "जग"मधला ज हे आपण दाताला जीभ लावून म्हणतो, ती हिंदीसारखे म्हणते. तिथं बोलांमध्ये "त्सांगला" असं लिहून बघा, दिसायला घाण पण ऐकायला बरं. ळ ला मात्र माझ्याकडं औषध नाही, म्हणून मी पथ्य सांगतो, ळ ओळीच्या शेवटी ठेवायचा नाही. ओळीच्या शेवटी स्वर लांबतो, लांबला की "आभाल" सगळ्या गल्लीला ऐकू जातं, तोच शब्द ओळीच्या मधे गुपचूप निघून जातो. खोटा जमैकन आवाज येत असेल तर स्टाईलमध्ये मराठी मेल व्होकल, प्लेन व्हॉइस असं घाला आणि बोलांत इंग्रजी शब्द असतील ते आधी काढा, एक "यो" सापडला तरी तो त्याला धरून वर चढतो.

आणि आपल्याकडचा खास बिघाड, निम्मं गाणं मराठी निम्मं कन्नड. छान कल्पना आहे, आपण बोलतो पण तसंच. पण कन्नड कडवं देवनागरीत लिहिलं की मशीन ते हिंदी समजून वाचते आणि ऐकणाऱ्या गोकाकच्या मित्राला तोंड लपवावं लागतं. कन्नड कडवं कन्नड लिपीतच टाका. येत नसेल तर मित्राकडनं टाईप करून घ्या, त्याला पण बरं वाटतं.

ध्रुवपदाला सिनेमा सुरू होतो त्याचं कारण त्या शब्दातच आहे. बोलांमध्ये चौकटी कंसात कोरस लिहिलं की मशीनला वाटतं आता सगळ्यांनी उभं राहायचं, व्हायोलिनं आली, किक एकावर आली, गेलं सगळं. तिथं कोरसऐवजी रिफ्रेन लिहा, आणि त्याच चौकटी कंसात वाद्यांची ओळ परत एकदा थोडक्यात द्या, सेम ग्रूव्ह, वन ड्रॉप, नो बिल्ड (म्हणजे गाणं चढवत न्यायचं नाही). आता तुम्ही म्हणाल मघाशी नो लिहू नका म्हणालात आणि इथं नो बिल्ड. बरोबर आहे. वाद्याचं किंवा प्रकाराचं नाव नो लावून लिहिलं की मला फटका बसलाय, बिल्डला बसला नाही, का ते मला विचारू नका.

तरी पण घसरत असेल तर पूर्ण गाणं मागणं बंद करा. जिथपर्यंत बरोबर आहे तिथं कापा, समजा ४५ व्या सेकंदाला चक अजून जिवंत आहे, तिथून एक्स्टेंड करा, म्हणजे ॲपला तिथून पुढचं गाणं वाढवायला सांगा. घसरल्यानंतरच्या जागेवरनं एक्स्टेंड केलं तर ती घसरलेलंच पुढं नेते, कारण तिला मागचं जे ऐकू येतं तेच ती धरते. कापायची जागा दोन ओळींच्या मधे पाहिजे, शब्दाच्या पोटात नको.

इथपर्यंत मोबाईलवर होतं. पुढचं काम कॉम्प्युटरवरचं आहे, आणि एखादी संध्याकाळ जाते.

गाण्याचे स्टेम वेगळे करून घ्या, म्हणजे आवाज, ड्रम, बेस, बाकीचं अशा चार-पाच फाईली. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात टाका. एकेक ट्रॅक बंद करून ऐका. नव्वद टक्के काम बंद करण्याचंच असतं, बाकीच्यात पियानो-व्हायोलिनचा जो लगदा आलेला असतो तो दोन कडव्यांपुरता बंद केला की गाणं श्वास घेतं. डब हा रेगेतनंच निघालेला प्रकार, तो म्हणजे दुसरं काय होतं, सत्तरच्या दशकात किंग्स्टनमध्ये किंग टबीने मिक्सरवर बसून वाद्यं बंद-चालू करून आणि प्रतिध्वनी लावूनच तर अख्खा प्रकार उभा केला. मूळचा तो रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, म्हणून मला जरा जास्तच आवडतो.

प्रतिध्वनी लावताना अंदाजानं लावू नका, हिशोब करा. ६०,००० भागिले बीपीएम. ७५ ला एक ठोका ८०० मिलिसेकंदाचा, त्याच्या पाऊणपट ६००. स्कँकच्या एखाद्याच चकला ६०० चा डिले द्या, सगळ्यांना नको. सगळ्यांना दिला की बसस्टँडवरची अनाऊन्समेंट होते.

आता थांबायचं कधी ते स्पष्ट सांगतो.

वरचं सगळं करून पंधरा-वीस प्रयत्नांत स्कँक खरा वाटत नसेल तर थांबा आणि गिटारवाला बोलवा. कॅम्पातले एक काका चर्चमध्ये गिटार वाजवतात, मी त्यांनाच बोलावतो. पहिल्यांदा आले तेव्हा मी बघत होतो, उजवा हात फार काही करत नव्हता, डावाच करत होता, कॉर्ड दाबला की लगेच बोटं सैल, तारेवरनं उचलायची नाहीत नुसती सैल, म्हणून तो आवाज चक होऊन तिथंच मरतो. "वाजवायचं नाही, दाबून सोडायचं," म्हणाले, आणि तीन मिनिटांचा ट्रॅक एका दमात देऊन चहा प्यायला बसले. एवढ्या वेळात मी सात जनरेशन केली असती. तासाभराचं मानधन द्या, फुकटात मागू नका.

उच्चार महत्त्वाचे असतील, म्हणजे गाणं आईच्या साठीसाठी आहे किंवा गल्लीत लागणार आहे, तर मशीनचा आवाज काढून टाका आणि गाणारा माणूस आणा. बाकी वाद्यं ठेवा हवी तर.

मिरवणुकीच्या किंवा स्टेजच्या मोठ्या साऊंडवर लावायचं असेल तर साऊंडवाल्याला आधी फाईल द्या आणि त्याचं ऐका. या गाण्यांचा खालचा बेस कधी कधी भलताच फुगलेला असतो, इअरफोनवर गोड लागतो आणि मोठ्या सबवर, म्हणजे बेसच्या स्पीकरवर, त्याचा कोन (पडदा) फाडतो. माझ्याच एका मित्राचा गेलाय, आणि गाणं माझं होतं, त्यामुळं जास्त बोलत नाही.

पैसे मिळवायचे असतील, गाणं विकायचं किंवा ॲपवर चढवायचं असेल तर क्रेडिट विकत घ्यायच्या आधी ॲपच्या अटी वाचा, फुकटच्या खात्यावरचं गाणं धंद्याला वापरू देत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी अशा दोन गाणी बनवणाऱ्या एआय कंपन्यांवर कोर्टात केस टाकल्या, म्हणजे विषय अजून कच्चाच आहे. मोठी रक्कम अडकणार असेल तर वकिलाला विचारा, मला नको, मी भजनं रेकॉर्ड करणारा माणूस.

आणि माझ्याकडं येणार असाल तर स्टेम घेऊन या, बीपीएम लिहून आणा, कुठली स्टाईलची ओळ टाकली ती आणा. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ऑडिओ नको, ते दाबून दाबून चपटं झालेलं असतं, पेनड्राईव्ह आणा. दुपारी एक ते चार लाईट गेली तर खालच्या चहाच्या टपरीवर असतो. इअरफोन आपापला.